साप, उंदीर आणि आपली जबाबदारी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



व्याख्यानमालेत दरवर्षी मोठमोठे विद्वान बोलतात. मी राज्य सरकारचा साधा पशुधन निरीक्षक आहे. पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करून नोकरीला लागलो. माझं रोजचं काम गाई-म्हशींचं, लसीकरणाचं. तरीही कार्यकर्त्यांनी मला बोलावलं, कारण गेल्या तीन-चार वर्षांत बडोद्यातली तरुण मुलं माझ्याकडे एक वेगळाच प्रश्न घेऊन येऊ लागली आहेत : "काका, पाळलेल्या सापाला जिवंत उंदीर द्यावा की गोठवलेला?"

हसू नका. आपल्यापैकी काहींची मुलं पुण्याला, बंगळूरला आहेत, काहींची अमेरिकेत आणि कॅनडात. तिकडे त्यांच्या खोलीत काचेच्या पेटीत साप असतो आणि आजीला ते व्हिडिओ कॉलवर कळतं. आजीला धक्का सापाचा बसतोच, पण त्याहून जास्त उंदराचा बसतो. "अरे, बाप्पाचं वाहन ते!" असं ती म्हणते. तिचं चूक नाही. आपल्या गणपतीच्या पायाशी उंदीर आणि पोटाला साप. मोदक खाऊन निघालेल्या बाप्पाच्या वाटेत साप आला, उंदीर बिचकला, बाप्पा पडले आणि मग तोच साप त्यांनी पोटाला बांधला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. देवाजवळ दोघांनाही जागा आहे. घरात साप आणणाऱ्याला मात्र दोघांचाही विचार स्वतः करावा लागतो, आणि आजचा विषय तोच आहे.

आधी कायद्याचं दोन वाक्यांत सांगतो. नाग, घोणस, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते घरात पाळता येत नाहीत, शेतातून धरून आणून तर नाहीच. परदेशी सापांपैकी सगळ्यात जास्त पाळला जातो तो बॉल पायथन, पश्चिम आफ्रिकेतला. तो साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कागद नसलेला साप स्वस्त मिळतो म्हणून कोणी घेऊ नये. विमानतळावर सामानात कोंबून आणलेले बॉल पायथन पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आता मूळ प्रश्न. साप शाकाहारी होत नाही. दूध हा त्याचा आहार नाही, हे नागपंचमीला दरवर्षी सांगावं लागतं. त्याला संपूर्ण प्राणी लागतो, कारण हाडांतून कॅल्शियम आणि यकृतातून जीवनसत्त्वं मिळतात. नुसते मांसाचे तुकडे देऊन भागत नाही. वाढलेल्या बॉल पायथनला साधारण दोन आठवड्यांनी एक उंदीर धरला, तर वर्षाला सव्वीस होतात. हा साप नीट सांभाळला तर वीस वर्षं सहज जगतो. म्हणजे एका सापापायी पाचशेच्या वर उंदीर. हा हिशेब मी प्रत्येक मुलाला साप घेण्याआधी कागदावर मांडायला लावतो. ज्याला तो पेलत नाही, त्याने साप घेऊ नये. त्यात कमीपणा काही नाही. मासे पाळावेत, किंवा कमाटीबागेत जाऊन प्राणी पाहावेत.

ज्याने पाळायचं ठरवलंच आहे, त्याला मी स्पष्ट सांगतो : गोठवलेला द्या. त्याची कारणं सांगतो.

पहिलं कारण सापाचं. लोकांना वाटतं साप बलवान आणि उंदीर बिचारा. जंगलात साप दबा धरून बसतो, त्याला हवं तेव्हा झडप घालतो, आणि उंदरालाही पळायला जागा असते. दोन फुटांच्या काचेच्या पेटीत यातलं काहीच नसतं. सापाला भूक नसेल, तो कात टाकण्याच्या बेतात असेल, पेटी पुरेशी गरम नसेल, तर तो नुसता वेटोळं घालून बसतो. उंदीर मात्र घाबरलेला आणि रात्रभरात भुकेला होतो. त्याचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि तो कुरतडू लागतो. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे डोळाही वाचत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आमच्या केंद्रावर आला. संध्याकाळी पेटीत मोठा उंदीर सोडून तो झोपला होता. सकाळी पाहिलं तर सापाच्या पाठीवर चार बोटं लांबीची जखम, आतली फासळी दिसत होती. आमचं केंद्र जनावरांचं, म्हणून त्याला सरीसृपांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. साप वाचला, पण जखम भरायला काही महिने लागले आणि तिथले खवले पूर्वीसारखे आले नाहीत. "साप उंदराला खातो" हे सगळ्यांना माहीत असतं. उंदीरही सापाला खाऊ शकतो, हे ज्याने पाहिलं तो विसरत नाही.

दुसरं कारण उंदराचं. मरण त्याला दोन्हीकडे आहे, ते मी गोड करून सांगत नाही. फरक मरणाच्या पद्धतीत आहे. खाद्यासाठी उंदीर वाढवणारे चांगले व्यावसायिक कार्बन डायऑक्साइड वायूने त्यांना आधी बेशुद्ध करून मारतात आणि मग गोठवतात. पेटीत सोडलेला उंदीर पळायला जागा नसताना कितीतरी वेळ भीतीत काढतो. आणि एक बजावून सांगतो : घरी जिवंत उंदीर फ्रीजरमध्ये ठेवून "गोठवलेला" करायचा नाही. ती जिवंत टाकण्याहूनही मोठी क्रूरता आहे.

इथे कायदाही आठवावा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य व्हावं म्हणून कोंडणं हा गुन्हा सांगितला आहे. मित्रांना बोलावून उंदीर सोडायचा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, यात सापाचं पोट भरणं किती आणि आपली करमणूक किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

तिसरं कारण रोगांचं. गोठवल्याने बरेच परोपजीवी मरतात. पण जिवाणू मरत नाहीत, हेही लक्षात ठेवा. २०१० मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या उंदरांमधून साल्मोनेलाची लागण पसरली आणि माल परत मागवावा लागला. ब्रिटनमध्येही २०१५ नंतर असे रुग्ण सापडत राहिले. म्हणून हे खाद्य घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. मोदकाचं सारण आणि उंदीर एका कप्प्यात, ही कल्पनाही आपल्या घरात चालणार नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही ती चुकीची आहे. छोटा वेगळा फ्रीजर घ्या. ते परवडत नसेल तर सापही परवडत नाही असं समजा. भांडी वेगळी, चिमटा वेगळा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर काही नाही, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे. ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे, तिथे सरपटणारे प्राणी पाळूच नयेत असा अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. आपल्या एकत्र कुटुंबांनी तो जरूर मानावा.

घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सापाला देऊन "एका दगडात दोन पक्षी" मारू नका. त्याने शेजारच्या दुकानातलं उंदराचं औषध खाल्लेलं असू शकतं आणि ते विष सापाच्या पोटात जातं. शिवाय लेप्टोस्पायरोसिसची भीती आहेच. दक्षिण गुजरातमध्ये पावसाळ्यात तो काय करतो, हे सुरत-नवसारीकडच्या नातेवाइकांना विचारा.

आता करायचं कसं ते सांगतो. उंदराची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, फार मोठी नको. आदल्या रात्री तो बंद पिशवीत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावा, अर्थात त्याच वेगळ्या फ्रीजच्या. मग पिशवीसकट कोमट-गरम पाण्यात ठेवून अंगाइतका, म्हणजे अडतीस-चाळीस अंशांपर्यंत गरम करावा. मायक्रोवेव्ह नको, बाहेरून शिजतो आणि आतून फुटतो. वितळलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही. गरम करण्याचं कारण असं, की बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. गार उंदीर त्याला भक्ष्य वाटत नाही. संध्याकाळी, कमी उजेडात, लांब चिमट्याने धरून हलकेच हलवावा. हाताने देऊ नये. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला उचलू नये, नाहीतर तो उलटून टाकतो.

"साप मेलेलं खात नाही" असं बरेच जण म्हणतात. ते खरं नाही. जंगलातही साप मेलेले प्राणी खाताना आढळतात. पण जिवंतावर वाढलेल्या सापाला सवय लागायला वेळ लागतो, हे खरं. तेव्हा घाई करू नका. नकार दिला तर पाच-सात दिवस थांबा, रोज रोज पुढे करू नका. आधी पेटीची उष्णता आणि लपायची जागा तपासा, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. गोठवलेल्या उंदराला जिवंत उंदरांच्या भुशाचा वास लावून पाहा. त्यानेही जमलं नाही तर ताजा मारलेला उंदीर देऊन मग गोठवलेल्यावर या. पण मारणं जाणकाराकडूनच व्हावं. वाढलेला निरोगी बॉल पायथन काही महिनेसुद्धा न खाता राहू शकतो. त्याचं वजन दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा. वजन उतरू लागलं तर डॉक्टर गाठा.

आणि एखादा साप काही केल्या घेतच नसेल तर? तत्त्वासाठी त्याला उपाशी मारणं हीदेखील क्रूरताच आहे. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, डोळे न उघडलेलं लहान पिल्लू द्यावं, जे चावू शकत नाही. त्याहून मोठा द्यावा लागला तर समोर बसून राहायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत सापाने धरला नाही तर उंदीर बाहेर काढायचा. पेटीत सोडून झोपायला जायचं नाही. शेवटचा उपाय म्हणून हे ठीक, रोजची सोय म्हणून नाही. आपल्याकडे पांढरा जिवंत उंदीर दुकानात पटकन मिळतो आणि गोठवलेला मागवावा लागतो, एवढ्याच कारणासाठी जिवंत निवडू नये.

आपण बडोदेकर पिढ्यानपिढ्या जीवदया मानणाऱ्या शेजाऱ्यांत राहिलो. आपण सगळे शाकाहारी नाही, पण दारातल्या गाईला घास आणि पाखरांना पाणी ठेवतो. मुलांना प्राण्यांची ओढ वाटते, ती मोडू नका. साप घरात आणायचा म्हणाले तर "शी!" म्हणून विषय बंद करू नका. तो पाचशे उंदरांचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. वेगळा फ्रीजर कोण घेणार, परगावी गेल्यावर खायला कोण घालणार, वीस वर्षं कोण सांभाळणार, हे विचारा. उत्तरं नीट आली तर त्या मुलाच्या हाती दोन्ही जीव सुरक्षित आहेत. उत्तरं आली नाहीत तर त्या घरात साप न येणंच सापाच्याही हिताचं.



गणपती बाप्पा मोरया!