अकरावीच्या फॉर्मावरचा एक चौकोन

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला 'विद्यार्थ्यांना मार्गदर्शन' असा विषय दिला होता. हा विषय फार मोठा आहे. मार्गदर्शन म्हटले की आम्ही म्हणतो 'खूप शिका', मुले टाळ्या वाजवतात आणि भोजनदान कधी सुरू होतेय ते बघतात. (हशा) म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. दहावीनंतर कुठल्या शिक्षणाला किती गणित लागते, आणि ते धरायचे की सोडायचे हे आपल्या घरात कोण ठरवते, कसे ठरवते.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी १९८९ साली दहावी झालो. गणितात बरे मार्क होते, पहिले नव्हते पण बरे होते. अकरावी सायन्सचा फॉर्म भरताना शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी वडिलांना सांगितले, "पोराला डॉक्टर करायचाय ना? मग गणित कशाला? गणित काढा, भूगोल घाला, मार्क वाढतील." वडिलांना बायोलॉजी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्यांनी मान हलवली. मी पेनाने एका चौकोनात फुली मारली. पाच मिनिटांचे काम. पुढे बारावीला मेडिकलएवढे मार्क काही पडले नाहीत. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ लाच स्थापन झालेले, म्हणजे आपल्या दारात. पण बारावीला गणित नाही, म्हणून इंजिनीअरिंगचा फॉर्मसुद्धा भरता आला नाही. नापास होऊन दार बंद झाले असते तर वाईट वाटले नसते. मी त्या दारापर्यंत गेलोच नाही.

मग बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली. १९९३ च्या जूनमध्ये रोहा ते वीर रेल्वे सुरू झाली, सगळी वाडी गाडी बघायला गेली होती, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. आणि गंमत बघा, ज्या गणिताला टाळले ते केमिस्ट्रीत येऊन बसले होते. रासायनिक क्रिया किती वेगाने होते हे काढायचे तर लॉगरिथम आणि कॅल्क्युलस लागते. प्रथम श्रेणीच्या क्रियेत पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ म्हणजे ०.६९३ भागिले वेगस्थिरांक. हे सूत्र मी पोपटासारखे पाठ केले. तो ०.६९३ आकडा आला कुठून, हे मला एम.आय.डी.सी.तल्या लॅबमध्ये नोकरीला लागल्यावर एका ज्युनिअर मुलाने समजावले. तो दोनाचा नैसर्गिक लॉगरिथम आहे. मुलगा वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. लाज वाटली, पण शिकलो.

आता आजचे सांगतो, कारण मुलांना आजचा फॉर्म भरायचा आहे.

सायन्सला गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेता येतात, किंवा एक घेऊन दुसऱ्याच्या जागी वेगळा विषय घेता येतो. इंजिनीअरिंगची सीईटी २०० मार्कांची असते, त्यातले १०० एकट्या गणिताचे, ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे. फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही मिळून उरलेले १००. म्हणजे गणित कच्चे ठेवून बाकीच्यावर निभावून नेऊ म्हणाल तर हिशेब जमत नाही. आत गेल्यावरही पहिली तीन-चार सत्रे इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स असतेच. आपल्याकडे मुलांचे सगळ्यात जास्त विषय राहतात ते तिथेच. कॉम्प्युटर सायन्सच्या बी.एस्सी.ला आणि आर्किटेक्चरलाही बारावीचे गणित विचारतात.

मेडिकलच्या नीट परीक्षेला गणिताचा पेपर नाही. फार्मसीला आणि शेतकीला दोन्ही वाटांनी जाता येते, गणित घेऊन किंवा बायोलॉजी घेऊन. पण फार्मसीला बायोलॉजीवाल्यांना पहिल्याच सत्रात सुटलेले गणित भरून काढायचा वेगळा विषय असतो. गणितवाल्यांना तसाच बायोलॉजीचा. सोडलेले असे परत भेटते.

कॉमर्सकडे आपली मुले जास्त जातात, विशेषतः मुली. तिथे फॉर्मवर विचारतात, गणित की एस.पी.? एस.पी. म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. दहापैकी आठ-नऊ मुले एस.पी.वर खूण करतात. एस.पी. वाईट विषय आहे असे मी म्हणत नाही, कंपनीचा कारभार त्यात शिकवतात. पण मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गणिती आणि संख्याशास्त्रीय पद्धतींचा पेपर वर्षानुवर्षे सक्तीचा राहिला आहे, आणि सी.ए.च्या फाउंडेशनला १०० मार्कांचा एक अख्खा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. दोन वर्षे गणिताला हात न लावलेल्या मुलीला तो पेपर म्हणजे परक्या गावात रात्री उतरल्यासारखे होते.

आर्ट्सला गणित नाही, हा तर आपला पक्का समज. मानसशास्त्र घेतले की चाचण्या आणि संख्याशास्त्र आले. अर्थशास्त्रात एम.ए.ला जाल तर गणिताशिवाय पुस्तक उघडत नाही. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून वंदन करतो, पण ते मूळचे अर्थशास्त्रज्ञ. १९२३ चा त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ किंवा १९२५ चा प्रांतिक अर्थकारणावरचा ग्रंथ एकदा उघडून बघा. आकड्यांचे तक्ते आहेत त्यात. सरकारच्या हिशेबातून त्यांनी आपला मुद्दा काढला आहे.

डिप्लोमाचे सांगायलाच हवे, कारण ती आपल्या मुलांची चांगली वाट आहे. दहावीनंतर थेट तंत्रनिकेतनला जाता येते, बारावीची भानगड नाही, आणि नंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मात्र डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गणित असते, आणि डिग्रीला गेल्यावर मुलगा एकदम तिसऱ्या सत्राच्या गणितात जाऊन पडतो. बारावीवाल्यांनी तोवर त्याच्या दुप्पट सराव केलेला असतो. डिप्लोमाच्या सुट्टीत दोन महिने बारावीचे पुस्तक सोडवले तर तो अडत नाही. आय.टी.आय.लाही वर्कशॉप कॅल्क्युलेशन आहे. फिटर, टर्नर, कोणी सुटलेले नाही.

आता एक प्रसंग. आपल्या वाडीतली एक मुलगी नर्सिंगला आहे, नाव घेत नाही, ती इथेच बसली आहे आणि लाजेल. मागे मला म्हणाली, "काका, गणित नको म्हणून तर नर्सिंग घेतले, आणि इथे रोज गणित." मी म्हटले, कसले गणित? तिने सांगितले. पेशंटला ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचे. सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली. मग मिनिटाला किती थेंब सोडायचे? ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटे, उत्तर ४२ च्या जवळ. सिस्टरने ८० सोडले तर सलाईन दोन तासांत संपते, आणि हृदयाचा पेशंट असेल तर त्याच्या जिवावर बेतू शकते. हे सहावी-सातवीचे गणित आहे, कॉलेजचे नाही. पण चुकून चालत नाही.

नोकरीच्या परीक्षांचे तेच. पोलीस भरतीला अंकगणित आहे. रेल्वेच्या एन.टी.पी.सी.च्या पहिल्या परीक्षेत १०० पैकी ३० प्रश्न गणिताचे असतात. आपल्या दारातून गाडी जाते, २०२१ ला रोहा ते वीर दुसरा रूळही झाला, आणि ते ३० प्रश्न आपली मुले सोडून देतात. बी.ए. झालेला पोरगा मला म्हणतो, "काका, टक्केवारी सोडून बाकी विचारा." (हशा) हसू नका, टक्केवारीच विचारतात तिथे.

अजून एक सांगतो. मध्यंतरी काही वर्षे नववी-दहावीला 'सामान्य गणित' असा सोपा पर्याय होता, तो २०१८ च्या नव्या दहावीबरोबर बंद झाला. २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात असे सुचवले गेले की गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० मार्कांना पास करावे, पण गुणपत्रिकेवर शेरा मारावा की याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत. नापास होऊन शाळा सुटणाऱ्या मुलाला याने आधार मिळेल, हे मला मान्य आहे. पण तो शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर जास्त पडेल? ज्याच्या घरी शिकवणारे कोणी नाही त्याच्या. माझ्या वेळी फुली मी मारली होती, इथे ती आधीच छापून येईल. म्हणून अशा सवलतीचे नाव ऐकले की आधी मागचा कागद वाचायचा.

मी सगळ्यांनी गणित घ्या म्हणत नाही. ज्याला मनापासून भाषेत, गाण्यात, चित्रात रस आहे त्याच्या गळ्यात पी.सी.एम. बांधू नका. शेजारच्याचा मुलगा गणित-बायोलॉजी दोन्ही घेऊन बसला म्हणून आपल्यानेही दोन्ही घ्यायचे, यात दोन वर्षे क्लासच्या फीमध्ये जातात आणि पोर ना इकडचे ना तिकडचे होते. माझे म्हणणे एवढेच की सोडायचे तर कळून सोडा. अकरावीला सोडलेले बारावीला परत धरता येत नाही, आणि नंतर धरायचे तर एक वर्ष हातचे जाते. आणि गणित अकरावीला कच्चे होत नाही हो, ते पाचवी-सहावीच्या अपूर्णांकात कच्चे होते. तिथल्या मुलांना विहारात रोज संध्याकाळी तासभर बसवणारे दोन तरुण मला हवे आहेत. महाडच्या आंबेडकर कॉलेजात जाणारी मुले इथे बसली आहेत, त्यांना मी नजरेने शोधतोय. (हशा)

आता अकरावीचे फॉर्म मोबाईलवर भरतात, गर्दी सायबर कॅफेत होते, आणि तिथला मुलगा विचारतो, "गणित ठेवू की काढू?" त्याला उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे या. दहावीच्या निकालानंतरच्या दोन्ही रविवारी सकाळी नऊपासून मी इथे विहारात बसेन. गुणपत्रिका आणा, आणि आई-वडिलांपैकी एकाला बरोबर आणा. मुलाने एकट्याने यायचे नाही. जय भीम.