जपानचं म्हातारपण, आपलं तारुण्य
जपानमध्ये 10 माणसांत जवळपास 3 जण पासष्टीच्या पुढचे आहेत. तिथं कामगाराला 65 वर्षांपर्यंत काम देणं मालकांवर बंधनकारक आहे. 2021पासून सत्तरीपर्यंत संधी देण्याचा प्रयत्नही अपेक्षित आहे. तरी माणसं कमीच पडतात. म्हणून 2019मध्ये वृद्धसेवा, बांधकाम, शेती अशा कामांसाठी परदेशी कामगारांना नवा व्हिसा खुला झाला.

मी मालकांना सांगेन : परका माणूस नुसते हात घेऊन येत नाही. त्याची भाषा, जेवण, नमाजही सोबत येते. ते सामावून घेतलंत, तरच तो टिकेल.

आणि तुम्हाला सांगतो : आधी जपानी भाषा आणि कौशल्य शिका, दोन्हींची परीक्षा असते. करार स्वतःला समजेल अशा भाषेत मागा. सही त्यानंतर.