दुपारचे दोन तास

रायपूरच्या सदर बाजारातील सराफी पेढ्यांची दारे रात्री बंद झाली, म्हणजे गटारांच्या कडेने उंदरांचा दिवस सुरू होतो. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर त्यांचाच भाऊबंद, आणि तोही निशाचर. त्याच्या मादीचे ऋतुचक्र अवघे चार-पाच दिवसांचे असते. त्यातील एका ठराविक दुपारी मेंदूकडून पियूषिका ग्रंथीला इशारा जातो, ग्रंथी आपले संप्रेरक रक्तात भरभरून सोडते आणि मध्यरात्रीनंतर अंडाशयातून पक्व अंडी सुटतात.

हा इशारा मेंदूच देतो, हे भुलीच्या औषधाने उघड केले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जॉन एव्हरेट आणि चार्ल्स सॉयर यांनी त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास माद्यांना गुंगीचे औषध टोचले. रात्री अंडमोचन झालेच नाही. तेच औषध चारनंतर दिले, तर मात्र काही बिघडले नाही. इशारा तोवर जाऊन चुकला होता. खरे नवल पुढेच आहे. औषधाचा अंमल काही तासांत ओसरला, तरी मेंदूने चुकलेले काम लगेच उरकले नाही. तो दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंत थांबला. अंडमोचन बरोबर चोवीस तासांनी लांबले. १९५० साली हे प्रसिद्ध झाले, आणि मेंदूत दिवसाचे घड्याळ असल्याचा तो एक ठोस पुरावा ठरला.

भुलीइतकीच धास्तीही बाधते. त्या दुपारी मादीला आवळून जखडून ठेवले, तर संप्रेरकाची लाट दबते आणि कधी अंडमोचनही चुकते. ईथर हुंगविल्यास दुधाशी निगडित असलेले प्रोलॅक्टिन काही मिनिटांतच रक्तात चढते. म्हणजे मोजणाऱ्याचा हातच मोजमाप बदलतो!

स्त्रीच्या शरीराला हा हिशेब जसाच्या तसा लावणे चूक होईल. तेथे घड्याळापेक्षा अंडाशयाच्या संप्रेरकाचा शब्द मोठा असतो. तरी दीर्घ चिंतेने किंवा उपासमारीने पाळी लांबते वा थांबते, हे वैद्यांना परिचित आहे; तेथेही अडथळा बहुधा मेंदूतच येतो.

म्हणून आता जाणते संशोधक उंदरांना आधी हाताची सवय करतात, आणि रक्तवाहिनीत बारीक नळी काही दिवस अगोदरच बसवून ठेवतात. मग जनावराला न धरता, न घाबरवता रक्त घेता येते.