मोडीच्या काट्यावरची गुलाबदाणी

मंगलकार्यात गुलाबपाणी शिंपडून पाहुण्यांचे स्वागत करावयाची आपली जुनी रीत आहे. ज्या निमुळत्या मानेच्या पात्रातून ते शिंपडतात, ती गुलाबदाणी आपल्याला अस्सल हिंदी वाटते. पण जुन्या घरांतील काही चांदीच्या गुलाबदाण्या चिनी कारागिरांनी हिंदी गिऱ्हाइकांसाठी घडविलेल्या आहेत, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

मी सुरतेच्या गोडादरा भागात राहतो व मराठी मुलांना शिकवितो. गेल्या वर्षी परिचयाच्या एका वृद्ध पारशी बाईंनी मला अशी एक गुलाबदाणी दाखविली. केसासारख्या चांदीच्या तारेची वेलबुट्टी तिच्या सर्वांगावर होती. सराफाने ती काट्यावर ठेवून मोडीचा भाव सांगितला होता. बाई म्हणाल्या, "मास्तर, औषधपाण्याला पैसे लागतात. ही ठेवून मी करू काय?"

प्रश्न रास्त होता. पण जी वस्तू वितळवावयाची, ती काय आहे हे आधी जाणून घ्यावे, असे मला वाटले.

१७५६ साली हिरजी जीवनजी रेडीमनी हे पारशी व्यापारी चीनमधील कँटन बंदरी गेले. पुढच्याच वर्षी चिनी बादशहाने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार त्या एका बंदरापुरता मर्यादित केला आणि तो निर्बंध १८४२ पर्यंत टिकला. त्या काळात सुरत, नवसारी व मुंबई येथील अनेक पारशी घराणी चीनच्या व्यापारात उतरली. परतीच्या जहाजांतून रेशीम, चिनी मातीची भांडी, भरतकामाची वस्त्रे येत आणि चांदीचे सामानही येई. पारशी मंगलकार्यातील 'सेस'च्या तबकात गुलाबदाणी, कुंकवाचे पात्र व साखरेचा शंकूसारखा 'सोपारो' मांडतात. अशा वस्तू सांगून घडवून घेतल्या जात. आकार आपल्याकडचा, हात तिकडचा.

या कामाला तारकाम म्हणतात. कटकची 'तारकशी' याच जातीची. चांदी पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तिची बारीक तार करावयाची, दोन तारांना पीळ देऊन त्या चपट्या करावयाच्या, चिमट्याने त्यांची वळणे वळवावयाची आणि टाकणखार लावून एकेक डाग द्यावयाचा. आच किंचित वाढली की सारे वितळते. म्हणून अशा वस्तूत चांदी थोडी असते आणि श्रम अपार. काटा केवळ चांदी तोलतो.

हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मुलांना नवल वाटले नाही. त्यांचे आईबाप खानदेशातून येथे आले. साड्यांवर जर व टिकल्या लावून कित्येकांचे घर चालते. नक्षीला वेळ लागतो आणि दाम कमी मिळतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. एका मुलीने विचारले, "सर, करणाऱ्याचे नाव कुठे आहे?" काही चिनी चांदीच्या तळाशी दुकानाची अक्षरे उमटविलेली असतात, तारकामावर पुष्कळदा तीही नसतात. नाव नव्हतेच.

त्या व्यापाराची दुसरी बाजूही मी मुलांपासून लपविली नाही. जाणाऱ्या जहाजांत कापूस असे, तशीच अफूही असे, आणि तिने चीनमध्ये असंख्य संसार उद्ध्वस्त केले. ज्या पैशाने गुलाबदाणी आली, त्यात तोही पैसा असू शकेल. पण तो दोष तार वळविणाऱ्या हाताचा नव्हे.

बाईंना मी इतकेच म्हणालो, "विकावी लागली तर विका, पण मोडू नका." शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो आणि खाजगी माणसास ती परदेशी पाठविता येत नाही. बाईंनी परवानाधारक व्यापारी शोधला. मोडीपेक्षा दाम बरा आला, औषधे आली. गुलाबदाणी आज कोणाच्या घरी आहे, मला ठाऊक नाही. पण ती गुलाबदाणीच राहिली आहे.

श्रोतेहो, आपल्या घरातील जुने सामान काट्यावर ठेवण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा.