किसान सन्मानचा हप्ता अडतो कुठे?



बी-खताच्या गोष्टी आपण नेहमी बोलतो. आज पैशाची बोलू. केंद्र सरकारची किसान सन्मान योजना २०१९ साली सुरू झाली. वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ साली आपल्या राज्याने नमो शेतकरी योजनेतून तेवढीच रक्कम जोडली. राज्याची यादी केंद्राच्या यादीवरूनच होते, म्हणून तिथे नाव अडले की दोन्हीकडचे पैसे थांबतात. पेरणीच्या तोंडावर खताच्या दोन-तीन गोण्यांचे पैसे अडणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

"साहेब, हप्ता आलाच नाही," असे गावोगाव ऐकायला मिळते. पुष्कळदा तो आलेला असतो, पण भलत्याच खात्यात! हे पैसे पासबुकावरच्या नंबराने येत नाहीत, आधार क्रमांकाने येतात. अनुदानासाठी आधार ज्या बँकेशी शेवटी जोडला गेला, त्या बँकेत ते जाऊन पडतात. माणूस जिल्हा बँकेत खेपा घालून दमतो आणि रक्कम असते मधे केव्हातरी उघडलेल्या जनधन खात्यात. तेव्हा बँकेत "माझा आधार जोडलाय का" एवढेच विचारू नका. "सरकारी अनुदान थेट जमा होण्यासाठी माझा आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे?" असे विचारा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी अडचण ई-केवायसीची. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर घरबसल्या ओटीपीने काम होते, नाहीतर सेवा केंद्रावर अंगठा. आता जन्मभर खुरपे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. अशा वेळी योजनेच्या मोबाइल अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते. २०२३ पासून ही सोय आहे. घरातल्या शिकत्या पोराला त्या कामाला लावा.

सगळ्यात नाजूक प्रश्न खातेदार वारल्यानंतरचा. त्यांच्या नावाने हप्ता येत राहिला तरी उचलू नका, मागाहून वसुली निघते. आधी तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंद करा, सातबारावर नाव लागू द्या, शेतकरी ओळख क्रमांक काढा आणि मग नवी नोंदणी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेणाऱ्याला त्या जमिनीवर हा लाभ नाही, पण खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला ही तारीख आड येत नाही. विधवा भगिनींना हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. नवरा-बायको दोघांच्या नावे जमीन असली तरी लाभ एकालाच, आणि प्राप्तिकर भरणाऱ्याला नाही.

आणखी एक. "हप्ता थांबला आहे, हे अ‍ॅप घ्या" असा निरोप मोबाइलवर आला तर त्याला हातसुद्धा लावू नका. अशा अ‍ॅपमधून लोकांची खाती रिकामी झाली आहेत. विचारायचे असेल तर १५५२६१ हा योजनेचा सरकारी फोन आहे, नाहीतर तालुका कृषी कार्यालयात या. येताना आधार, पासबुक आणि सातबारा बरोबर असू द्या.