लाइट गेली तरी फोन चालायचा

मी भिलाईच्या सेक्टर ६ मधून बोलतोय. माझी नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली.

आमच्या शेजारच्या काकूंचा जुना फोन फायबरवर गेला. आवाज स्वच्छ, नातवाला इंटरनेट, काकू खूश. मग एका पावसाळी रात्री लाइट गेली आणि काकूंना धाप लागली. मोबाइल चार्ज नव्हता. फोन उचलला, तर तोही मुका. त्यांनी क्वार्टरची मधली भिंत ठोकली, म्हणून आम्हाला कळलं. दवाखान्यात वेळेत पोचलो. बऱ्या झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "अरे, पूर्वी लाइट गेली तरी फोन चालायचा ना?"

चालायचा. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच तुमच्या फोनला ४८ व्होल्ट वीज पुरवायचं. त्यासाठी तिथे बॅटऱ्यांची अख्खी खोली असायची. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही.

दुसरा फरक वाटेचा. जुन्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये कॉल लागला की सेकंदाला ६४,००० बिटांची वाट तुमच्यासाठी राखीव. तुम्ही गप्प बसलात तरी ती दुसऱ्याला मिळत नसे. पॅकेट पद्धतीत आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात. प्रत्येकावर पत्ता असतो आणि सगळे एकाच सामायिक रस्त्याने धावतात. हे स्वस्त पडतं. पण काही तुकडे उशिरा येतात, काही हरवतात. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलो तर बोलण्यात खंड पडतो. नाही थांबलो तर शब्द तुटतात. एखादा तुकडा गेला तर कान सांभाळून घेतो, फॅक्स मशीन घेत नाही.

ही तांत्रिक दुखणी इंजिनियरांनी बरीचशी सोडवली. राहून गेली ती जुनी तार न सांगता करत असलेली कामं. ब्रिटनमध्ये जुनं नेटवर्क २०२५ अखेर बंद होणार होतं. वृद्धांच्या घरातले मदतीचे अलार्म त्याच तारांवर होते. त्यांची सोय लावण्यासाठी मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवावी लागली.

तेव्हा घरचा फोन बदलून घेताना एकच प्रश्न विचारा: लाइट गेल्यावर हा किती वेळ चालेल? फायबरच्या डब्याला आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. काकूंकडे मी तो लावून दिलाय. आता लाइट गेली की त्या मुद्दाम फोन करतात, "चालतोय रे!"