मेंटॉर : नाव एकाचं, काम दुसरीचं

2021 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी क्रिकेट मंडळाने धोनीला भारतीय संघाचा मेंटॉर नेमलं. संघ उपांत्य फेरीपर्यंतही पोचला नाही, तो भाग वेगळा. आता तर कॉलेजात मेंटॉर, बँकेत मेंटॉर, स्टार्टअपला तर दोन-दोन. पण हे मुळात एका माणसाचं नाव आहे, होमरच्या ‘ओडिसी’तल्या. त्याची कामगिरी पाहिली, तर हे बिरुद कुणी आनंदाने मिरवेल असं मला वाटत नाही.

इथाकाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला निघाला, तेव्हा घरदार या जुन्या मित्राच्या हवाली करून गेला. वीस वर्षं तो परतला नाही. राणी पेनेलोपीशी लग्न लावायला टपलेले शंभरावर तरुण वाड्यात ठाण मांडून बसले आणि राजाची गुरंढोरं कापून खाऊ लागले. राजपुत्र टेलेमॅकस नुकता मिसरूड फुटलेला. आणि मेंटॉर? दुसऱ्या सर्गात सभा भरते, तेव्हा तो उठतो आणि गप्प बसलेल्या गावकऱ्यांना झापतो. त्या तरुणांपैकी एकजण त्याला उडवून लावतो, सभा मोडते. निषेध नोंदवून झाला!

पुढचं सगळं केलं ते देवी अथीनाने. हताश होऊन समुद्रकाठी गेलेल्या टेलेमॅकससमोर ती मेंटॉरचं रूप आणि आवाज घेऊन उभी राहिली. मग टेलेमॅकसचंच रूप घेऊन गावभर फिरली, खलाशी जमवले, नोएमोन नावाच्या माणसाकडून जहाज मागून आणलं. बापाची खबर काढायला निघालेलं ते जहाज पायलॉसला लागलं, तेव्हा किनाऱ्यावर म्हातारा राजा नेस्टर आपल्या लोकांसह समुद्रदेवाला काळे बैल अर्पण करत होता. पोराचे पाय अडखळले. एवढ्या थोर माणसाशी बोलायचं कसं? तिने त्याला भाषण लिहून दिलं नाही. लाजू नकोस, सरळ विचार, काही तुझं तुला सुचेल, काही देव सुचवेल, एवढंच सांगून ती पुढे चालू लागली. पोरगा बोलला, बरं बोलला. आणि संध्याकाळी ती पक्ष्याचं रूप घेऊन उडून गेली. पुढे स्पार्टाला तो तिच्याविना गेला. मला यातलं हे निघून जाणं फार मोलाचं वाटतं; आपल्याकडचे कित्येक मार्गदर्शक तिथेच कच्चे असतात.

चौथ्या सर्गात मोठी गंमत आहे. नोएमोनला जहाज परत हवं असतं, एलिसला त्याच्या घोड्या आहेत. वाड्यात चौकशीला आल्यावर तो बुचकळ्यात पडून सांगतो की जहाजावर मेंटॉरला चढताना आपण पाहिलं, पण काल सकाळी तर मेंटॉर इथेच दिसला! म्हणजे खरा मेंटॉर घरीच होता.

दामाजीपंतांसाठी विठ्ठल वेष पालटून बेदरच्या दरबारात मोहरा भरून आला, ती कथा तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे श्रेय विठ्ठलाचं हे कुणी विसरलं नाही. इथाकात मात्र देवीची कमाई माणसाच्या नावावर जमा झाली. नाव तसं साजेसं आहे म्हणा! संस्कृतातल्या ‘मन्’ धातूच्या कुळातलं ते. आपल्या मंत्रणेचं आणि मंत्र्याचं चुलत भावंडच.

हे नाव जगभर नेलं ते होमरने नव्हे, फेनेलॉन या फ्रेंच धर्मगुरूने. चौदाव्या लुईच्या नातवाचा तो शिक्षक. त्या मुलासाठी त्याने टेलेमॅकसच्या प्रवासाची लांबलचक गोष्ट लिहिली. ती 1699 मध्ये छापली गेली. त्यात मेंटॉर पानोपानी बोलतो: राजाने चैन करू नये, युद्धाची हाव धरू नये, प्रजेला पिळू नये. लुईला हे झोंबलं नसतं तरच नवल. फेनेलॉनवर राजाचा रोष ओढवला, पुस्तक मात्र युरोपभर वाचलं गेलं. त्यातही मेंटॉर म्हणजे वेषांतर केलेली देवीच आहे आणि शेवटी ती खऱ्या रूपात प्रकट होते. वाचकांनी देवी सोडली, नाव ठेवलं. 1750 मध्ये लॉर्ड चेस्टरफील्ड मुलाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द सरळ सामान्यनामासारखा वापरतो. त्याचा रोख आहे मुलाबरोबर युरोपात हिंडणाऱ्या पगारी शिक्षकाकडे. मार्गदर्शन घेणारा तो ‘मेंटी’, हा शब्द निघायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.